बडेबाबूंचं अंगण

आमच्या दाराशी छत्रीशेजारी काठ्या ठेवलेल्या असत. पाहुण्याने फाटकाशी उभं राहून हाक मारायची, मी ओट्यावरून एक काठी फेकायची, ती झेलून त्याने अंगण ओलांडायचं आणि ओट्यावर चढला की काठी परत करायची. शहरातल्या माणसाला हे चमत्कारिक वाटे. आम्हाला वाटत नसे. शेतातलं घर म्हटलं की कोंबडा आला, कोंबडा आला की तो मारणार, आणि तो मारणार म्हणजे आपण काठी धरणार. ह्यात चर्चा करण्यासारखं काय आहे?

कोंबड्याचं नाव बडेबाबू. मी ज्या कचेरीत उभी हयात घालवली तिथल्या हेडक्लार्कांची चाल हुबेहूब अशीच होती. आधी मान यायची, मग छाती, आणि बाकीचा देह सवडीने. समोरच्याकडे एकाच डोळ्याने बघणं, काही ऐकून न घेणं आणि पाठ फिरवली की अंगावर येणं, हे गुणही जुळले. नाव ठेवायला मला फार विचार करावा लागला नाही.

बाभुळगावपासून जरा आत, बंजाऱ्यांच्या तांड्याला लागून आमचं शेत आहे. निवृत्तीनंतर तिथे दोन खोल्या बांधल्या, तेव्हा शेजारी डोंगरसिंग टोपली घेऊन आला. टोपली उपडी, खाली फळी, वर दोरीने घट्ट आवळलेली. "साहेब, घरभरणी हाये. आमच्याकून कोंबडा घ्या," म्हणाला. मी म्हटलं, दाखव की. तो चार हात मागे सरकून म्हणाला, "टोपली घरमालकानंच उचलाव. तसा रिवाज असते."

रिवाज म्हटल्यावर मी उचलली. त्याची खूण अजून माझ्या मनगटावर आहे.

आता असा कोंबडा भेट आला की त्याचं संध्याकाळपर्यंत काय करायचं असतं, हे पंचक्रोशीत लहान पोरालाही ठाऊक आहे. पण आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या वरणभाताचं. मी त्याच्या गळ्यात लाल रिबीन बांधली, सोबतीला कोंबड्या आणल्या आणि खुराडं बांधलं. डोंगरसिंग संध्याकाळी धुतलेला फेटा बांधून जेवायला आला. त्याच्या ताटात माझ्या बायकोने, कुंदाने, भरली वांगी वाढली. तो बराच वेळ ताटाकडे आणि मग खुराड्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आपल्या भूतदयेने त्याला भरून आलंय.

बडेबाबूंचे पराक्रम सांगायचे तर दुसरा कागद लागेल. त्यांनी रानडुक्कर परतवलेलं मी पाहिलं आहे, आणि डुकराचा चेहराही पाहिला आहे. एका विमा एजंटाने आमच्या कडुनिंबावर बसून मला पूर्ण पॉलिसी समजावली. वीजमीटरचा माणूस आकडा रस्त्यावरून दुर्बिणीने टिपून नेई. मुकुटबनच्या माझ्या साडूने हौसेने कोंबडा मागून नेला, तर दुसऱ्याच दिवशी मुकुटबनची जीप फाटकाशी येऊन थांबली. पुढे ड्रायव्हरशेजारी बडेबाबू एकटेच बसलेले आणि बाकीची सवारी टपावर. कुंदा तुळशीला पाणी घालायची ती एका हातात तांब्या आणि एका हातात काठी घेऊन. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. देवीच्या हातातही काहीबाही असतंच.

असं सगळं सुरळीत चाललं असताना पोळा आला, आणि पोळ्यासाठी पुण्याहून मुलगा मंदार, सूनबाई केतकी आणि सहा वर्षांची नात शाल्मली.

शाल्मली पोळ्याला आली नव्हती, ती आली होती तान्ह्या पोळ्याला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मिरवतात. पुण्यात हा प्रकार नाही. फोनवर तिचं महिनाभर एकच चाललं होतं. बैलाच्या शिंगांना बेगड लावायचा की रंग, आणि झूल लाल की हिरवी. गाडीतून उतरली ती बैल ओढतच. चाकं खडखडली. कडुनिंबाखाली बडेबाबूंनी मान वर केली.

पुढचं मी ओट्यावरून बघितलं. बैल एकीकडे, शाल्मली दुसरीकडे, मधे लाल पिसांचा भोवरा. मंदारने तिला उचललं तेव्हा पोटरीवर लांब ओरखडा होता आणि ती रडतसुद्धा नव्हती, नुसती थरथरत होती.

मी माझ्या आजोबांनी मला जे सांगितलं होतं तेच सांगितलं. "काही होत नाही. पळालीस म्हणून मागे लागला तो. माती लाव, थांबेल." शिवाय धीर यावा म्हणून आमच्या तात्याकाकांच्या कानाची पाळी कोंबड्याने कशी नेली, ती गोष्टही सांगितली.

केतकीने जखम साबणाने धुतली, पट्टी बांधली आणि हळू आवाजात बोलली. आरडाओरडा करणाऱ्या सुनेशी वाद घालता येतो. हळू बोलणारीपुढे इलाज नसतो.

"बाबा, कुणाचं कुत्रं हिला असं चावलं असतं, तरी माती लाव म्हणाला असता?"

"तो कोंबडा आहे गं. त्याला काय कळतं."

"त्याला कळत नाही हे मान्य. आपल्याला कळतं ना?" ती म्हणाली. "उद्याचा पोळा बघू. पण परवा तान्ह्या पोळ्याला हिला बैल घेऊन एकटीने हे अंगण ओलांडता आलं नाही, तर आम्ही निघतो. पुढच्या सुट्टीत तुम्हीच पुण्याला या."

पुण्याला मंदारच्या घरी एक गॅलरी आहे. तीत एक कुंडी आहे. मी गेलो की कुंडी आत घ्यावी लागते.

मी आधारासाठी कुंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझीही पिशवी भरून ठेव गं केतकी. मी वर्षभर ह्या मेल्याला भिऊन तुळशीला प्रदक्षिणा घातलेली नाही."

बातमी तांड्यात पोचायला वेळ लागला नाही. डोंगरसिंग आणि त्याची बायको लालीबाई फाटकाशी आले, तांड्याचे प्रमुख म्हणजे नायकही रस्त्यावर येऊन थांबले, आणि तिथूनच सल्ला सुरू झाला.

"साहेब, याले त घरभरणीच्याच दिवशी खावाले पाह्यजे होता," डोंगरसिंग म्हणाला. "आमच्यात लेकरावर उडला कोंबडा का त्याच सांजी हंडीत जाते. म्हून आमचे कोंबडे कसे, मान खाली घालून चालते. तुमच्या घरी वरणभात, म्हून हा गुंडा झाला."

"परवा कर हाये," लालीबाई म्हणाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात, आणि त्या दिवशी तांड्यात घरोघरी रस्सा शिजतो. "सकाळी धाडून द्या, भाऊ. मसाला माह्याकडं हाये. दुपारी तुमची छोरी आंगनात नाचन."

मी विचारात पडलो, हे कबूल करतो. पण खिडकीतून शाल्मली ऐकत होती.

"त्याला मारायचं नाही," ती म्हणाली. "त्यानं मला मारायचं नाही. एवढंच."

एवढंच. ह्या एका शब्दापायी पुढे काय काय झालं ते ऐका.

मी सरकारी माणूस. अडचण आली की आधी कचेरी गाठायची, ही आमची शिकवण. कुंदाची मच्छरदाणी टाकून मंदारने आणि मी बडेबाबूंना पकडलं. मच्छरदाणी पुन्हा मच्छरदाणी म्हणून वापरता आली नाही. पिशवीत घातलं, तोंड बाहेर ठेवलं आणि स्कूटरवरून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मागे मंदार हेल्मेट घालून पिशवी धरून बसला. वाटेत पोळ्याचा बाजार भरला होता. झुली, घुंगरमाळा, बेगड. बडेबाबूंनी पिशवीतूनच एक बांग दिली, तशी एक बैलजोडी आपल्या मालकाला घेऊन यवतमाळच्या दिशेने निघून गेली. ती पोळ्याला परत आल्याचं मागाहून कळलं.

दवाखान्यात टेबलामागे एक शांत गृहस्थ होते.

"काय तकलीफ आहे?"

"मारतो."

"कोणाला?"

"सगळ्यांना."

त्यांनी पिशवीवर वाकून पाहिलं. "तुरा लाल, डोळे साफ, वजन चांगलं. तकलीफ तुम्हाला आहे, त्याला नाही. तुम्ही माणसांच्या दवाखान्यात जा."

तिथून ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाले, "मोकाट जनावर असेल तर कार्यवाही करता येते. हा मालकीचा आहे ना?"

"मालकीचा आहे म्हणजे, मालक तोच आहे," मी म्हणालो.

"मग त्यांचा अर्ज आणा," असं म्हणून ते पोळ्याच्या सुट्टीवर निघाले.

पोळ्याच्या सकाळी मंदारने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली एक बाई कोंबडा काखेत धरून गव्हाच्या शेतातून हिंडत होती. "बाबा, हे शास्त्रीय आहे. दिवसभर काखेत धरून ठेवायचा. साहेब कोण हे त्याला कळतं आणि तो निवळतो."

"मग धर तू."

"तुमची ओळख जुनी आहे," मंदार म्हणाला.

मी डाव्या काखेत बडेबाबूंना धरलं आणि तेव्हाच ध्यानात आलं की त्या बाईने व्हिडिओत कोंबडा खाली कसा ठेवायचा ते दाखवलेलं नाही. पकड जरा सैल केली की ते माझ्याकडे एका डोळ्याने बघत. त्या डोळ्यात पुढचा सगळा कार्यक्रम स्पष्ट दिसत होता. सोडायची सोय उरली नाही. मी चहा उजव्या हाताने प्यायलो, पूजा उजव्या हाताने केली, आणि पोळा भरला तेव्हा नवा सदरा अर्धा घालून, अर्धा खांद्यावर टाकून मैदानावर गेलो.

आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली गावचे बैल ओळीने उभे होते. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. पण लोकांनी बैलांकडे पाठ फिरवली. पोळ्याच्या दिवशी, कर उद्यावर आलेली असताना, वरणभाताच्या घरातला नीळकंठराव काखेत कोंबडा घेऊन उभा आहे, हे दृश्य त्यांच्या आजोबा-पणजोबांनीही पाहिलं नव्हतं.

"साहेब, सुरू केलं वाटते," कुणीतरी म्हणालं. "आम्हाले त बोलावा."

कुणीतरी फोटो काढला. तो आमच्या सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर पोचला आणि तिथून कुंदाच्या माहेरी. तिच्या थोरल्या भावाने फोन करून विचारलं की नीळकंठरावांना घरचं जेवण पुरत नाही का. माझ्या घराण्याची सोवळ्याची कीर्ती अशी एका पाखरापायी बुडाली.

ढोल वाजला तसं बडेबाबूंनी डोकं माझ्या काखेत आत खुपसलं. ते बघून भोवती घोळका जमला आणि कोंबड्यांच्या गोष्टी निघाल्या. तांड्याचे नायक शंकरसिंग हे वजनदार गृहस्थ. त्यांनी धोतर वर करून टाचेवरची जुनी खूण दाखवली. डोंगरसिंगने भुवई दाखवली. एका म्हाताऱ्याने सदरा उचलून पाठ दाखवली. मी एका हाताने पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला. ज्यांच्या अंगावर खूण नव्हती ते मागच्या रांगेत गेले. आमच्या पिढीचं शौर्य असं उघड्यावर मांडलेलं असताना शाल्मली केतकीचा हात सोडून पुढे आली.

"तुम्हाला भीती नव्हती वाटत?" तिने नायकांना विचारलं.

"भीती कायची, बाई," शंकरसिंग म्हणाले. "आम्ही त तवा एवढुसे व्हतो. काठी हाणली आन चाललो."

"मग आता आजोबांकडे आत का येत नाही? काल तुम्ही रस्त्यावरूनच बोलत होता."

नायकांनी धोतर खाली सोडलं. मग डोंगरसिंग हसायला लागला. हसता हसता त्याला खालीच बसावं लागलं.

"साहेब, आता सांगतो. रागावू नका. टोपली घरमालकानं उचलाचा रिवाज-बिवाज काही नसते. ह्या कोंबड्यानं माह्या नातवाईले घराच्या बाहेर पडू देल्लं नाई. कापाचा म्हटला त धराचा कोनं? म्या पहाटी निजला असतानी टोपली घातली त्याच्यावर, फळी सरकोली, दोरी आवळली. झालं. पन टोपली उचलाची कोनं? म्हून टोपलीसगट तुमच्या घरी आनला. म्हटलं, साहेब उचलते, साहेब कापते, आपन जेवाले जाऊ. आन तुम्ही वांगे वाढले."

"हा मानूस खिडकीतून घरात येत जाय," लालीबाई म्हणाली. "खिडकीतून, भाऊ. फेट्यासगट."

एकदा लालीबाईने तोंड उघडल्यावर बायका बोलू लागल्या. एकीने सांगितलं की तिची मुलगी शाळेत जाताना आमचं घर टाळून नाल्यातून जाते. दुसरी म्हणाली, तिची दोन्ही जातात. मी ती पोरं नाल्यात रोज पाहत होतो. मला वाटे, मासे धरतात. पोरांना ओढ्यापाण्याची गोडी असावी म्हणून मी त्यांना ओट्यावरून हात हलवून उत्तेजनही देत असे.

"तुम्ही सांगितलं का नाही?" केतकीने विचारलं.

"काय सांगाचं?" लालीबाई म्हणाली. "आमी लहान व्हतो तवा आमाले कोनं इच्यारलं का, भेव लागते का म्हून? मार खाल्ला त म्हनत, पोट्टी पळालीच काहून. आमी बी लेकराईले तेच म्हनतो." तिने शाल्मलीच्या पोटरीवरच्या पट्टीकडे पाहिलं. "हे छोरी बराबर इच्यारून राह्यली."

मी कोंबडा काखेत घट्ट धरून घराकडे वळलो.

ती रात्र बडेबाबूंनी टोपलीखाली काढली. टोपलीवर पाटा आणि पाट्यावर वरवंटा ठेवला. सकाळी मी गोडाऊनच्या खोलीत गेलो. तिथे रानडुकरांसाठी सरकारी योजनेतून मिळालेली तारेची जाळी गुंडाळी करून पडलेली होती. तिच्यावर शिक्का होता, की तपासणी झाल्याशिवाय उघडू नये. तपासणी व्हायची होती. डुकरं माझी तूर खाऊन, जाळीवर अंग घासून जात, पण मी शिक्क्याला हात लावला नव्हता. उभ्या नोकरीत एक नियम मोडला नाही तो मी, त्या सकाळी पक्कड घेतली आणि शिक्का तोडला. मग अंगात असं काही वारं शिरलं की शेजारी पडलेल्या पाइपाचाही शिक्का मी विनाकारण तोडला.

करीचा दिवस, घरोघरी हंड्या चढलेल्या, तरी डोंगरसिंग आला, नायक आले, त्यांच्यामागे अर्धा तांडा आला. काठ्या घेऊनच आले, पण आले. कडुनिंबापासून खुराड्यापर्यंत चांगला ऐसपैस वाडगा, म्हणजे बडेबाबूंसाठी जाळीचं आवार, आखला. खांब रोवायला माणसं कमी आणि ते सरळ आहेत का हे सांगायला जास्त. नायक म्हणाले, जाळी आतून बांधा. डोंगरसिंग म्हणाला, बाहेरून. मंदारने व्हिडिओ काढला. शाल्मली जाळीचं प्रत्येक भोक बोट घालून तपासत होती, आणि मी सांगतो, खात्याच्या माणसाने एवढी कसून तपासणी केली नसती.

कोंबड्या आत सोडल्या. मग टोपली उचलायचा प्रश्न आला. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"रिवाज नाही म्हणाला होतास ना," मी डोंगरसिंगला म्हटलं.

"पडला की आता, साहेब," तो म्हणाला.

मी बडेबाबूंना काखेत घेऊन वाडग्यात मधोमध उभा राहिलो, आणि बाकीच्यांनी उत्साहात चौथी बाजू बांधून टाकली. तारा पिळल्या, टोकं वळवली, टाळ्या वाजवल्या. मग कुंदा म्हणाली, "अहो, ह्याला दार कुठंय?"

दार नव्हतं. आत कोंबड्या, बडेबाबू आणि मी. जाळी माझ्या छातीएवढी. बाहेर तांडा.

"सोडा त्याला आणि उडी मारा, बाबा," मंदार म्हणाला. तो व्हिडिओ काढतच होता.

ह्या वयात मी जी उडी मारली तिची नोंद कुठल्या खात्यात होणार नाही, म्हणून इथे करून ठेवतो. बडेबाबू जमिनीला लागायच्या आत मी जमीन सोडली होती. पायजम्याचा मागचा भाग मात्र जाळीवर राहिला आणि बडेबाबूंनी त्याचं जे केलं ते बघून नायक म्हणाले, "तुम्ही त्यात नव्हता, हे बरं झालं." दार मग डोंगरसिंगने पक्कड घेऊन केलं, वर मोठी कडी लावली.

बडेबाबूंनी वाडग्याच्या चारही बाजू तपासल्या. एकदा जाळीला लाथ घातली. जाळी हलली नाही. त्यांनी पिसं झटकली आणि कोंबड्यांना काहीतरी सुनावून दाणे टिपू लागले.

दुपारी शाल्मली बैल घेऊन ओट्यावर आली. शिंगांना बेगड आणि रंग दोन्ही, झूल अर्धी लाल अर्धी हिरवी. केतकी तिच्याबरोबर निघाली, तर शाल्मली म्हणाली, "एकटी." केतकी थांबली. आम्ही सगळेच ओट्यावर थांबलो.

ती पायऱ्या उतरली. चाकं खडखडली आणि बडेबाबू जाळीच्या कडेने, मान पुढे काढून, तिच्या बरोबरीने धावू लागले. अंगणाच्या मध्यावर ती थांबली. पोटरीवरची पट्टी जरा वर ओढून घेतली. त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एका डोळ्याने पाहिलं. मग तिने दोरी खेचली आणि न पळता, बैल आपटू न देता फाटक गाठलं, उघडलं आणि बाहेर गेली.

कुंदा ओट्यावरून उतरली आणि तुळशीला प्रदक्षिणा घालू लागली. किती घातल्या ते विचारू नका. मागची थकबाकी होती.

तान्ह्या पोळ्यात बक्षीस दुसऱ्याच बैलाला मिळालं, आणि ते योग्यच होतं, त्या बैलाची मान हलायची. मिरवणूक संपली की आमच्याकडे पोरं बैल घेऊन घरोघर जातात आणि प्रत्येक घरी त्यांना खाऊ मिळतो. आमच्या घरी मात्र कुणी येत नसे. माझी समजूत अशी, की तांड्याची पोरं लाजाळू असतात आणि मोठ्या माणसाचा आब राखतात. पण त्या संध्याकाळी मी पायजमा बदलून ओट्यावर बसलो होतो, तर रस्त्यावरून खडखड ऐकू आली. पुढे शाल्मली, तिच्यामागे डोंगरसिंगची नातवंडं, त्यांच्यामागे नाल्यातून शाळेत जाणाऱ्या सगळ्या पोरी, आणि सगळ्यांच्या हातात दोऱ्या. फाटकाशी बाकीची पोरं जरा घुटमळली. "या," शाल्मली म्हणाली, "तो आत आहे." आणि सगळी एकदम आत शिरली.

कुंदाच्या करंज्या संपल्या. लाडू संपले. केतकीने पुण्याला न्यायच्या डब्यातला चिवडा उघडला. मंदार म्हणाला, "अगं, तो प्रवासाचा ना?" ती म्हणाली, "कुठला प्रवास?" शेवटी मी साखरेचा डबा घेऊन उभा राहिलो आणि ज्याच्या त्याच्या हातावर चिमूट ठेवत गेलो. पोरं किती होती ते मी मोजलं नाही. मोजलं असतं आणि सांगितलं असतं तरी तुम्ही मानलं नसतं. वाडग्यात बडेबाबू छाती काढून, मान ताणून सारखे आरवत होते. त्यांची चोच उघडझाप होताना आम्हाला दिसत होती. चाकांच्या खडखडाटात आवाज मात्र कुणालाच ऐकू येत नव्हता.